माटोळीच्या बाजारात हरवलेला फोन : ४९ दिवसांची हकिकत

फोन हरवल्याचं लक्षात आलं तेव्हा माझ्या एका हातात माटोळीला बांधायच्या कांगलांची जुडी होती. २५ ऑगस्ट २०२५, सोमवार, सकाळचे अकरा. चतुर्थी बुधवारी, त्यामुळे म्हापशाच्या माटोळी बाजारात, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नव्हती. माट्टुल्या विकणाऱ्या बाईंना यूपीआयने पैसे द्यायचे म्हणून पिशवीत हात घातला, तर हाताला फक्त यादीचा कागद लागला. पिशवी तिथेच रस्त्याच्या कडेला रिकामी केली. नारळ, चिबूड, सुपारीचं शिपटं, सगळं बाहेर काढलं. फोन नव्हता.

"बाय, माझ्या फोनावरून रिंग मार," असं म्हणत त्या बाईंनीच आपला फोन पुढे केला. दोनदा रिंग गेली. तिसऱ्यांदा फोन बंद लागला.

पुढचे सात आठवडे मी जे जे केलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. त्या सकाळी आधी काय करायचं आणि नंतर काय, हे मला कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. शिवाय त्या फोनात पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल मी कुठेच वाचलं नव्हतं.

सगळ्यात आधी पैशांच्या वाटा बंद करायच्या, एवढं सुचलं. मला पाठ असलेला नंबर एकच, यांचा. त्यांना फोन करून सांगितलं, बँकेला कळवा आणि माझ्या नंबरावरचं यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करा. दुसरा फोन सिम कंपनीला, सिम बंद करायला. दोन्ही मिळून चाळीस मिनिटं गेली. बँकेने तक्रारीचा क्रमांक दिला, तो यांनी वेळेसकट वहीत लिहून ठेवला. ती वेळ महत्त्वाची असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, तर बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान आपल्यावर येत नाही. माझे पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा होता. हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

बस पकडून डिचोलीला घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. घरच्या लॅपटॉपवर माझं गूगल खातं आधीपासून उघडं होतं हे नशीब, नाहीतर लॉगिनला परवानगी विचारणारा संदेश त्या हरवलेल्या फोनवरच गेला असता. दोन टप्प्यांची सुरक्षा लावलेल्या प्रत्येकाने गूगलचे बॅकअप कोड कागदावर छापून कपाटात ठेवावेत. एका वेळी दहा मिळतात. मी ते नंतर केलं, आधी करायला हवं होतं.

गूगलच्या फाइंड हबमध्ये फोनची शेवटची जागा म्हापसा बाजार, वेळ १०.५२. त्याखाली दोन पर्याय होते. एक फोन लॉक करून पडद्यावर संदेश दाखवायचा, दुसरा सगळा फोन पुसून टाकायचा. लॉक करून मी मराठीतच संदेश लिहिला, "हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरावर कळवा," आणि खाली यांचा नंबर दिला. मग पुसायच्या बटणाकडे वळले. फोन बंद असला तरी ती आज्ञा थांबून राहते, फोन इंटरनेटला लागला की लागू होते. मात्र एकदा पुसला की फाइंड हबमधून तो दिसायचा बंद होतो.

"आई, नको. माझं घर आहे त्यात."

आठवीतली माझी लेक दारात उभी होती. ती म्हणत होती ते घर म्हणजे सत्तरी तालुक्यातलं आजीचं घर, माझ्या आईचं. गेल्या वर्षीच्या पावसात त्याचं छप्पर बसलं, मग उरलेलं पाडावं लागलं. जुने फोटो समोर ठेवून, आजीला विचारून विचारून लेकीने ते माझ्या फोनवर माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेममध्ये बांधायला घेतलं होतं. सोपो, मधला चौक, तुळशीवृंदावन, मागचा गोठा, बांय म्हणजे विहीर, परसातली माडांची रांग. गेममधली वीट गोव्याच्या चिऱ्यासारखी दिसेना म्हणून तिने स्वतःचा टेक्स्चर पॅक, म्हणजे ठोकळ्यांवरच्या चित्रांचा संच, केला होता. एका ठोकळ्याची एक बाजू म्हणजे १६ बाय १६ ठिपक्यांचं चित्र. त्या २५६ ठिपक्यांत चिऱ्याचा तांबडा रंग आणि त्याची भोकं बसवायला तिने मे महिन्याची अख्खी सुट्टी घातली. वास्तूचं एवढं बारीक काम मी मोठ्या माणसांनाही करताना पाहिलेलं नाही.

टेक्स्चर पॅक लॅपटॉपवर केलेला, म्हणून तो शाबूत होता. घर मात्र फोनातच. फोनवरच्या माइनक्राफ्टमध्ये आपण तयार केलेलं जग फोनच्या आतच साठतं, खात्याबरोबर आपोआप वर जात नाही. गेम विकत घेतलेला असल्यामुळे तो दुसऱ्या फोनवर फुकट पुन्हा उतरवता येतो, पण उघडल्यावर जगांची यादी रिकामी असते. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअपही एका अ‍ॅपमागे २५ एमबीपर्यंतच असतो. लेकीचं जग त्याहून मोठं होतं. हे सगळं मला त्या दुपारी कळलं.

पुसायचं की नाही यावर आम्ही तिघं तासभर बोलत बसलो. यांचं म्हणणं, पुसून टाक, उगाच धोका नको. मी बाजू अशी लावली : सिम बंद, यूपीआय बंद, फोनला सहा आकडी पिन, आतली माहिती कूटबद्ध. अँड्रॉइड १० पासूनच्या फोनमध्ये ते मुळातच असतं. बँकेचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलेला नव्हता. म्हणून पुसला नाही. हाच निर्णय सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. पिन नसेल किंवा कागदपत्रांचे फोटो उघडे पडले असतील, तर पुसलेलाच बरा. आधी पैशांच्या वाटा बंद केल्या म्हणून आम्हाला विचार करायला वेळ मिळाला, एवढं खरं.

संध्याकाळी डिचोलीतच सिम कंपनीच्या दुकानात गेले. आधार, अंगठा, फोटो, ५० रुपये. यांच्या जुन्या फोनात घातलेलं नवं सिम सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झालं. कॉल लागले, एसएमएस मात्र येईना. दुकानातल्या मुलाने समजावलं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंदच ठेवतात, दुसऱ्याच कोणी आपल्या नावावर सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून. नियम चांगला आहे, फक्त आधी माहीत हवा. व्हॉट्सअ‍ॅप मी त्याच रात्री सुरू केलं, कारण तिथे ओटीपी कॉलवर सांगण्याचा पर्याय असतो. यूपीआयला एसएमएस लागतो, त्यामुळे ते दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि सुरू झाल्यावरही पहिले २४ तास ५००० रुपयांची मर्यादा होती. चतुर्थीची राहिलेली खरेदी शेजारणीकडून उसने घेतलेल्या रोख पैशांवर झाली.

आता फोनचा आयएमईआय. हा १५ अंकी नंबर प्रत्येक फोनचा वेगळा असतो. फोन हातात असताना *#०६# दाबलं की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात आणि तक्रारीत दोन्ही द्यावेत. फोनचा खोका गेल्या वर्षीच्या चतुर्थीच्या साफसफाईत गेला. फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीत मला एकच नंबर दिसला. दुसरा होता फक्त बिलावर, आणि बिल त्या चकचकीत कागदावरचं, ज्यावरची अक्षरं उष्णतेने उडतात. दोन वर्षांत ते जवळजवळ पांढरं झालं होतं. खिडकीशी तिरपं धरल्यावर चौदा अंक वाचता आले. बारावा अंक ३ की ८, ते काही केल्या कळेना.

तो लेकीने शोधला. आयएमईआयचा शेवटचा अंक हा आधीच्या चौदा अंकांची पडताळणी असतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम जागेवरचे सात अंक दुप्पट करायचे. दुप्पट दोन अंकी आली तर ते दोन अंक एकमेकांत मिळवायचे, म्हणजे १६ चे ७. मग ते सात आणि उरलेले आठ अंक, सगळ्यांची बेरीज. तिला १० ने पूर्ण भाग जायला हवा. वहीच्या मागच्या पानावर तिने दोनदा मांडणी केली. बारावा अंक ३ धरला तर बेरीज ६९. ८ धरला तर ७०. "आठ आहे आई," ती म्हणाली आणि दुपारपासून पहिल्यांदा हसली.

तुमच्या फोनचं बिल अशा कागदावरचं असेल तर आजच त्याचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

मंगळवार, २६ ऑगस्ट, हरतालिका. सकाळी साडेनऊला पोलीस स्टेशनवर. माझ्यापुढे चार जण, त्यातल्या दोघांचे फोन बाजारातच गेलेले. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "चोरला की पडला?" मला खरंच सांगता येईना. त्यांनी शांतपणे फरक समजावला. चोरीचा संशय असेल तर एफआयआर होतो, त्याची प्रत फुकट मिळते, आणि नव्या कायद्याप्रमाणे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही पोलीस स्टेशनवर नोंदवता येतो. पण मग फोन सापडला तर तो मुद्देमाल होतो आणि सोडवून घ्यायला कोर्टात अर्ज करावा लागतो. मी कोणाला हात घालताना पाहिलं नव्हतं, जे घडलं तेवढंच लिहून दिलं आणि हरवल्याची नोंद झाली. अर्ज मराठीत लिहिला, चालला. त्यात तारीख, वेळ, जागा, फोनचा मेक, रंग, दोन्ही आयएमईआय, सिमचा नंबर. सोबत आधार आणि बिल यांच्या झेरॉक्स. शिक्का मारलेली आणि नोंद क्रमांक लिहिलेली प्रत घेऊन बाहेर पडायला सव्वा तास लागला. पैसे लागले ते फक्त झेरॉक्सचे, १४ रुपये. ती प्रत घेतल्याशिवाय उठू नका, पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

पुढचं म्हणजे दूरसंचार विभागाचं संचार साथी. मे २०२३ पासून ते देशभर सुरू आहे. त्यात सीईआयआर नावाचा भाग आहे. तिथे आयएमईआय दिला की तो फोन भारतातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, मग सिम कोणतंही घाला. शिवाय त्यात कोणी सिम घातलं की पोलिसांना माग मिळतो. ब्लॉक केल्यावर फोन शोधता येत नाही असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला.

हा अर्ज मी दुपारीच भरायला बसले होते. ओटीपी हरवलेल्याच नंबरावर येतो आणि तो एसएमएसने येतो, त्यामुळे २४ तास होईपर्यंत हात बांधलेले. म्हणून सांगते, सिम पहिल्याच दिवशी काढा. रात्री आठ वाजता पहिला एसएमएस आला, कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीचा, आणि मी आनंदाने ओरडलेच. अर्जात फोनची माहिती, बिलाचा फोटो, हरवल्याची तारीख आणि जागा, राज्य, जिल्हा, पोलीस स्टेशन, तक्रारीचा क्रमांक आणि प्रत, शेवटी आपली ओळख. तक्रारीच्या प्रतीची माझी फाइल फार मोठी होती, दोनदा अडकली. फोटो लहान करून टाकल्यावर गेली. आठ पन्नासला रिक्वेस्ट आयडी मिळाला. तो कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवला. ब्लॉक उठवताना तोच लागतो.

बुधवारी गणपती बसले. माटोळी यांनी आणि दिराने बांधली. एक बाजू जरा मोकळी राहिली, कारण कांगलांची ती जुडी मी त्या गोंधळात बाजारातच विसरले होते. रात्री आरती झाल्यावर लॅपटॉप उघडून पाहिलं, संचार साथीवर स्थिती "ब्लॉक्ड" दिसत होती. जेमतेम चोवीस तास.

त्यानंतर मात्र नुसती वाट. अख्खा सप्टेंबर काही घडलं नाही. मी दर सोमवारी फाइंड हब उघडायचे, तीच जागा, तीच वेळ, १०.५२. लेकीने यांच्या टॅबलेटवर गेम उतरवून घेतला होता, पण घर पुन्हा बांधायला ती तयार नव्हती. "ते सापडलं तर?" एवढंच म्हणायची.

१६ सप्टेंबरला एक फोन आला. तुमचा मोबाइल सापडला आहे, आलेल्या लिंकवर जाऊन खात्री करा. क्षणभर मन त्या लिंकवर जायला झालं, खोटं कशाला सांगू. पण मी पोलीस स्टेशनवर स्वतः फोन लावला आणि नोंद क्रमांक सांगितला. त्यांनी सांगितलं, असा फोन आमच्याकडून गेलेला नाही, लिंक उघडू नका. फोन सापडला म्हणून कोणी लिंक, पिन, ओटीपी किंवा पैसे मागितले तर तो माणूस खोटा.

खरा फोन आला शुक्रवारी, १० ऑक्टोबरला. या वेळीही मी ठेवून परत स्टेशनवर लावला. खरंच सापडला होता. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका गावात कोणीतरी वापरलेला फोन म्हणून तो विकत घेतला होता. त्याने सिम घातलं, नेटवर्क येईना, आणि तेवढ्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. त्या माणसाचेही पैसे बुडालेच. जुना फोन घेताना इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून, पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करावा. तो ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं.

सोमवारी, १३ ऑक्टोबरला, आधार, मूळ बिल आणि शिक्क्याची प्रत घेऊन गेले. लेकीने शाळेला दांडी मारली, मीही काही बोलले नाही. हवालदारांनी आयएमईआय जुळवून पाहिला, पोचपावतीवर सही घेतली आणि फोन हातात दिला. काचेच्या कोपऱ्यात एक नवा तडा होता. फोन सुरू केला तर पडद्यावर भाषा निवडा असं आलं, आणि पुढे एक सूचना : हा फोन रीसेट झाला आहे, आधीच्या गूगल खात्याने लॉगिन करा. कोणीतरी आतलं सगळं पुसून टाकलं होतं आणि पुढे माझ्याच खात्याशी येऊन अडकलं होतं. सात आठवडे मी जे बटण दाबायचं टाळलं, ते दुसऱ्याच कोणी दाबलं.

बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत होती. काय बोलावं मला सुचलं नाही. डिचोलीत उतरलो तेव्हा गल्लीतली मुलं नरकासुराचा सांगाडा बांधत होती, ती तिला हाका मारत होती, तिने वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी संचार साथीवर रिक्वेस्ट आयडी टाकून ब्लॉक उठवायचा अर्ज केला. त्याआधी फोन मिळाल्याची पोलिसांकडे नोंद झालेली हवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेटवर्क आलं. फोटो आणि नंबर गूगलवरून परत उतरले.

मग बुधवारी पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. दिवाळीला येतोय हे सांगायला केला होता, बोलता बोलता विषय निघाला. तो म्हणाला, "आत्या, फेब्रुवारीत तिने मला ते घर पाठवलं होतं ना, बघायला. माझ्या टॅबवर असेल." होतं. गेममध्ये जगाच्या नावाशेजारच्या पेन्सिलीवर जाऊन अगदी तळाशी एक्सपोर्ट वर्ल्ड असा पर्याय असतो. त्यातून तयार होणारी फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हने कुठेही पाठवता येते, आणि दुसऱ्या फोनवर उघडली की गेम जग जसंच्या तसं घेतो. एवढंसं काम. हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये गेमचे फोल्डर बाहेरून उघडू देत नाहीत, म्हणून हीच वाट सोपी. आता दर रविवारी रात्री जेवणं झाली की लेक ही फाइल काढून ड्राइव्हवर टाकते, नावात तारीख घालून, आणि महिन्यातून एकदा माझ्या पेन ड्राइव्हवर.

फेब्रुवारीच्या त्या घरात सोपो होता, चौक होता, वृंदावन होतं. विटा अजून गेमच्याच होत्या. चिऱ्याचा पॅक लावल्याबरोबर सगळ्या भिंती एकदम तांबड्या झाल्या. गोठा, बांय आणि माडांची रांग तेव्हा बांधायचीच होती.

भाऊबीजेला आई आमच्याकडे आली. लेकीने तो तडा गेलेला फोन तिच्यापुढे धरला. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि बोटाने घराची डावी बाजू दाखवली. बांय इथे होती म्हणाली, पहिल्या वेळी तू ती उजवीकडे खणली होतीस, मी काही बोलले नाही. लेकीने लगेच कुदळ काढली.